चौकटींमधले वाचन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात सुट्टीतील वाचनासाठी पुस्तके सुचवताना मी त्या यादीत काही चित्रकादंबऱ्याही घातल्या होत्या. ज्याला आपण सर्रास ‘ग्राफिक नॉव्हेल’ म्हणतो, ती म्हणजे चौकटीमागून चौकट मांडत, चित्र आणि शब्द या दोहोंच्या आधाराने सांगितलेली, पुस्तकभर लांबीची सलग गोष्ट. या एका शिफारशीवर जितकी पत्रे आली, तितकी बाकीच्या सगळ्या यादीवर मिळून आली नाहीत. काही पत्रांत उत्सुकता होती, बऱ्याच पत्रांत काळजी होती आणि दोन-तीन पत्रांत स्पष्ट नाराजी होती. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा इथे घेतला आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. पूर्वी तो गोष्टींची पुस्तके वाचत असे. गेले वर्षभर मात्र तो फक्त चित्रांच्या गोष्टी वाचतो. दीडशे पानांचे पुस्तक तासाभरात संपवतो आणि ‘वाचून झाले’ म्हणून बाजूला ठेवतो. त्यात मजकूर जेमतेमच असतो. याला वाचन म्हणायचे, की ही नुसती पळवाट आहे? (एक आई, सातारा)

उत्तर : हे वाचनच आहे. मात्र आपल्या पत्रातील ‘तासाभरात’ ही तक्रार मला खरी वाटते आणि तिचा विचार वेगळा करायला हवा.

एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या चौकटीत आजी ओट्यापाशी उभी आहे आणि गॅसवर दुधाचे पातेले आहे. दुसऱ्या चौकटीत ती दारात उभी राहून शेजारणीशी बोलते आहे. तिसऱ्या चौकटीत माणूस कोणीच नाही. ओट्यावरून ओघळून फरशीवर आलेले दूध आणि ते चाटणारे मांजर तेवढे आहे. आजी बोलण्यात रमली, बराच वेळ गेला, दूध उतू गेले, यांपैकी एकही गोष्ट लेखकाने लिहिलेली नाही आणि चित्रकाराने काढलेलीही नाही. ती सगळी वाचणाऱ्याच्या मनात घडली, आणि घडली ती दोन चौकटींच्या मध्ये जी अरुंद पांढरी पट्टी सोडलेली असते तिथे. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सच्या घडणीवर एक आख्खे पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात लिहिले. त्यात या कोऱ्या जागेविषयी त्यांनी फार बारकाईने लिहिले आहे, आणि या कलेची बरीचशी जादू तिथेच असते असे त्यांचे म्हणणे आहे. माझाही अनुभव तसाच आहे.

आपला मुलगा पानोपानी हे काम करत असतो. मधल्या पट्टीत किती वेळ गेला, हा माणूस मघाचाच की दुसरा, बोलणे लिहिण्यासाठी पात्राजवळ जो फुगा काढतात त्यातले शब्द बोलणाऱ्याच्या मनात खरोखर आहेत का, हे सगळे त्याला स्वतःलाच जुळवावे लागते. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. फुग्यात ‘मला काही झाले नाही’ असे लिहिलेले असते आणि त्याच चित्रात पाठीमागे मूठ घट्ट वळलेली असते. तेव्हा शब्द आणि चित्र एकमेकांशी सहमत नाहीत हे ज्या मुलाला कळते, ते मूल माणसे वाचायला शिकलेले असते. गद्यात लेखक हे पुष्कळदा सांगून टाकतो. इथे कोणी सांगत नाही, आणि लक्ष नसेल तर ते हातचे निसटते.

आता तासाभराविषयी. बरीच मुले चित्रकादंबरीतील केवळ फुगे वाचतात. या फुग्यावरून त्या फुग्यावर उड्या मारत शेवटच्या पानाला पोचतात, आणि मग दीडशे पाने तासाभरात होतात यात नवल नाही. त्याला रागवू नका आणि पुस्तक काढूनही घेऊ नका. रात्री जेवणे झाल्यावर त्याच्याशेजारी बसा आणि त्याच्या आवडीचे एकच पान आपल्याला समजावून सांगायला सांगा. संवादांवर तळहात ठेवून केवळ चित्रांवरून काय कळते ते विचारा. नंतर चित्रे झाकून केवळ संवाद वाचायला लावा. दोन्ही वेळा गोष्ट अर्धीच हाती येते, हे त्याचे त्यालाच दिसेल. या पानावर कोण गप्प आहे, हा माझा आवडता प्रश्न आहे. गप्प बसलेल्या माणसाला फुगा नसतो, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला तो दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. चित्रकादंबरीकडे ‘खऱ्या’ पुस्तकाकडे नेणारी शिडी म्हणून पाहणारे पुष्कळ शिक्षक मला भेटतात. मूल एकदा वर चढले की शिडी बाजूला करायची, असा त्यांचा हिशेब असतो. तो मला मान्य नाही, कारण पंधराव्या किंवा चाळिसाव्या वर्षी वाचण्याजोग्या चित्रकादंबऱ्याही आहेत. पण लांब, वळणे घेत जाणारे वाक्य मनात धरून ठेवण्याची जी सवय गद्य लावते, ती चित्रकादंबरी लावत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून घरात दोन्ही पुस्तके असू द्यावीत. मात्र ‘आधी हे जाड पुस्तक संपव, मग ते मिळेल’ अशी अट घालू नये. त्या अटीने एक पुस्तक शिक्षा होते आणि दुसरे खाऊ होते, आणि दोन्ही पुस्तकांचे त्यात नुकसान आहे.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाविषयी बोलताना ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक वर्गात दाखवावे असे माझ्या मनात आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, महापुरुषाचे चरित्र कॉमिक्समधून दाखवणे हा त्यांचा अवमान आहे. मी काय करावे? (एक शिक्षिका, जिल्हा सोलापूर)

उत्तर : अवश्य दाखवा. आपल्या सहकाऱ्यांच्या मनात आदरच आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पुस्तकच त्यांच्या हाती द्यावे असे मला वाटते. ‘कॉमिक्स’ या शब्दालाच हसण्याखिदळण्याचा वास चिकटलेला आहे. पहिली चार पाने उलटली की तो वास उडून जातो.

हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. त्याचा मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे, आणि चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दांपत्याची आहेत. आधार आहे तो बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा. म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग इथे कोणी कल्पनेने रचलेले नाहीत. बाबासाहेबांनी जे भोगले आणि लिहून ठेवले, त्याला चित्ररूप दिलेले आहे.

त्यातला १९०१ सालचा प्रवास आपल्या वर्गासाठी विशेष जवळचा ठरेल, कारण गावे ओळखीची आहेत. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावला होते आणि मुले साताऱ्याला होती. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून नऊ-दहा वर्षांचा भीम आणि त्याच्याबरोबरची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. त्यांना न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर एकजण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. जवळ शिदोरी होती, पण पाण्यावाचून घास उतरणार कसा? मुले तशीच उपाशी झोपली.

आता चित्रांकडे या. या पुस्तकात बोलण्याचे फुगे एकसारखे नाहीत. ज्यांच्या बोलण्यात माया आहे किंवा जे अन्याय सोसत आहेत, त्यांच्या शब्दांना पक्ष्याच्या आकाराचा फुगा आहे. ज्यांच्या बोलण्यात विष आहे, त्यांच्या फुग्याला विंचवाच्या नांगीसारखी शेपटी आहे. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा काढलेला आहे. जातीवरून बोललेला शब्द अंगाला डसतो, हे समजावण्यासाठी आपण वर्गात कितीही वेळ बोललो, तरी ती नांगी मुलांना जे एका नजरेत देते ते आपल्या बोलण्यातून देता येणार नाही.

माझी सूचना अशी की पुस्तक उघडण्याआधी मसूर स्टेशनचा प्रसंग मुलांना मराठीत सावकाश सांगावा. मग फळ्यावर दोन फुगे काढावेत, एक पक्ष्याचा आणि एक नांगीचा, आणि स्टेशनमास्तरांच्या बोलण्याला कोणता द्यायचा ते मुलांना ठरवू द्यावे. जवळ येऊन विचारपूस करणारा तोच माणूस क्षणात मागे सरतो. त्याचा फुगा कुठल्या शब्दापाशी बदलायचा? यावर वर्गात मतभेद होतील. होऊ द्यावेत. त्यानंतर पुस्तक उघडून चित्रकारांनी काय केले आहे ते पाहावे.

दुसरी गोष्ट, पानांवर सरळ रेषांच्या चौकटी नाहीत. परधान गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर ‘दिग्ना’ नावाची नक्षी काढतात. तीच वळणावळणाची नक्षी इथे पानाचे भाग पाडते. आपल्या माणसांना डब्यांत कोंडायचे नाही, आपली कला ‘खुल्ला’ आहे, अशी या चित्रकारांची भूमिका होती. ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले, विहिरीपासून दूर ठेवले, त्यांची गोष्ट सांगताना चौकटच न आखणे, याचा अर्थ आठवीच्या मुलांना कळेल की नाही अशी शंका घेऊ नका. मात्र चौकटी नसल्यामुळे आधी कुठे पाहायचे याचा काही मुलांना गोंधळ होतो. पहिल्या पानावर भरपूर वेळ द्या आणि बोट कुठून कुठे न्यायचे ते त्यांचे त्यांना शोधू द्या. मूळ पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा संवाद आपल्याला मराठीत सांगावे लागतील. त्याची तयारी आदल्या दिवशी करून ठेवा, कारण ऐनवेळी केलेले भाषांतर अडखळते आणि अशा प्रसंगात अडखळणे बरे दिसत नाही.

प्रश्न : आमच्या लहानपणी ‘चांदोबा’ होता, पुढे ‘अमर चित्र कथा’ आल्या. मग त्याच गोष्टीला हे नवे भारदस्त नाव कशाला? आणि त्या काळी वर्गात कॉमिक्स सापडले की गुरुजी ते जप्त करत, त्यात त्यांचे काही चुकत होते असे आपल्याला वाटते का? (एक आजोबा, पुणे)

उत्तर : आजोबा, नावाविषयी आपली तक्रार मला समजते. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द विशेष रूढ झाला तो १९७८ साली आलेल्या विल आयस्नर या अमेरिकी चित्रकाराच्या एका पुस्तकापासून, आणि त्यामागे कॉमिक्सला दुकानातल्या पुस्तकांच्या फळीवर जागा मिळावी हा हेतूही होताच. पण फरक निव्वळ नावाचा नाही.

‘अमर चित्र कथा’ अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली, आणि तिचे ऋण माझ्या पिढीवर मोठे आहे. तिच्या पानांवर राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांचा हात होता. वाईरकरांच्या रेषेतूनच पुढे ‘टिंकल’मधला सुपंडी आला आणि वसंत हळबे यांच्या रेषेतून डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू. ही सगळी मंडळी फार ताकदीची होती. तरीही बत्तीस पानांत एक आख्खे आयुष्य किंवा आख्खे पुराण बसवायचे असल्यामुळे त्या पुस्तकांत चित्राच्या माथ्यावरील ओळ गोष्ट सांगत असे आणि खालचे चित्र पुष्कळदा तीच गोष्ट पुन्हा दाखवत असे. नायक गोरा आणि देखणा, दुष्ट माणूस काळासावळा, हेही आपण त्याच पानांवरून नकळत शिकलो, आणि ते आज नातवंडांबरोबर वाचताना बोलून दाखवायला हवे. चित्रकादंबरीला जागा मोठी असते. ती थांबू शकते. एका पावसाळी दुपारसाठी तीन पाने खर्च करू शकते. ओरिजित सेन यांची नर्मदेच्या खोऱ्यावरील चित्रकादंबरी १९९४ साली आली, तिच्यात धरणाविषयी चाललेला वाद आणि आदिवासी गायकाने गायलेली नदीच्या जन्माची कथा या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी चालतात. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याची गावे ज्या पाण्याखाली गेली त्याच नदीची ती गोष्ट आहे. बत्तीस पानांच्या चरित्रकथेत हे मावले नसते.

खरे तर चित्र पुढे धरून गोष्ट सांगणे आपल्याकडे परके नाहीच. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी एकेका प्रसंगाचे सुटे चित्र समोर धरत, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गात आले. एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलेपर्यंत जो अवकाश राहतो, तो गाण्याने भरून निघतो. त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कधी कोकणात गेलात तर नातवंडांना पिंगुळीला घेऊन जा, असा माझा आग्रह आहे. मुलांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळेल की आपल्या हातातले पुस्तक कुणाचे भावंड आहे.

गुरुजींच्या जप्तीविषयी एवढेच सांगते. कॉमिक्सने मुले बिघडतात हा समज अमेरिकेत फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९५४ सालच्या पुस्तकाने पक्का झाला. त्या वर्षी तिथल्या सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या अभ्यासिकेने २०१२ साली दाखवून दिले की त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, काही ठिकाणी अनेक मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते. आपल्या गुरुजींनी हे पुस्तक वाचले नसेल, पण तो काळच तशा धास्तीचा होता. गणिताच्या तासाला बाकाखाली काहीही वाचणे चूकच, त्यामुळे जप्ती रास्त होती. जप्त केलेले पुस्तक परत न देणे मात्र रास्त नव्हते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला ‘माउस’ हवे आहे. अमेरिकेत त्यावर बंदी आली होती असे ऐकले. द्यावे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : आधी बंदीविषयी. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. कारणे सांगितली ती काही शिव्यांची आणि एका नग्न चित्राची. देशभर बंदी अशी काही नव्हती, आणि त्या निर्णयानंतर पुस्तकाचा खप उलट वाढला. आर्ट स्पीगेलमन यांनी आपल्या वडिलांची, म्हणजे आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यूची, गोष्ट दोन खंडांत सांगितली आहे. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे अशी तिची मांडणी आहे. १९९२ साली तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आता आपल्या मुलीविषयी. गद्यात वर्णन वाचताना मूल आपल्या मनाला पेलेल तितकेच चित्र उभे करते. चित्रकादंबरीत चित्र आधीच काढलेले असते आणि एकदा पाहिले की ते न पाहिलेले होत नाही. म्हणून वयाचा विचार इथे गद्यापेक्षा अधिक करावा लागतो, हे मी मानते. उंदरांच्या मुखवट्यांनी या पुस्तकातील भीषणता थोडी दूर सरते, तरी त्यात फाशी गेलेली माणसे आहेत आणि लेखकाच्या आईची आत्महत्याही आहे. दोन दिवस काढून आपण स्वतः ते आधी वाचा. पहिला खंड तिच्याबरोबर वाचा, आणि दुसरा कधी वाचायचा ते तिलाच ठरवू द्या. तेराव्या वर्षी मुली आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोसू शकतात. एकट्याने सोसायची वेळ येऊ नये एवढेच पाहावे. आत्महत्येच्या पानांपाशी मात्र आपण खोलीत असा.

प्रश्न : ही पुस्तके चारशे-पाचशे रुपयांना मिळतात आणि एका बैठकीत संपतात. परवडणार कशी? (एक पालक, लातूर)

उत्तर : परवडत नाहीत, हे खरे आहे. रंगीत छपाई आणि चांगला कागद यांमुळे किंमत चढते. चार-पाच घरांनी मिळून वर्षाला प्रत्येकी एक पुस्तक घ्यावे आणि ते फिरवावे. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयाकडे लेखी मागणी करावी, कारण मागणी नोंदवल्याशिवाय वाचनालये असली पुस्तके घेत नाहीत. आणि चांगली चित्रकादंबरी एका बैठकीत संपत नाही. ती पाचव्यांदा वाचणारी मुले मी पाहिली आहेत.

प्रश्न : आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. माझा दहा वर्षांचा मुलगा दर रविवारी मराठी शाळेत जातो. त्याला देवनागरी अक्षरे येतात, पण सलग मजकूर पाहिला की तो पुस्तक मिटतो. मराठीत चित्रकादंबऱ्या आहेत का? (एक आई, ऑस्ट्रेलिया)

उत्तर : मूळ मराठीत, दहा वर्षांच्या मुलासाठी, पुस्तकभर लांबीच्या चित्रकादंबऱ्या फारच थोड्या आहेत, आणि ही उणीव मला मनापासून सलते. चित्रपुस्तके आपल्याकडे सुंदर आहेत, आणि चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आहे. १९९१ पासून वर्तमानपत्रात आलेल्या त्या छोट्या पट्ट्यांचे संग्रह आपल्या मुलाला नेमके उपयोगी पडतील, कारण तीन-चार चौकटी, मोजके शब्द आणि घरात बोलली जाते तशी मराठी त्यात आहे. मजकुराची भिंत तिथे नाही. रोज एक पट्टी त्याने मोठ्याने वाचावी, तेवढे पुरे.

पण मी आणखी एक गोष्ट करून पाहिली आहे, ती सांगते. शाळेच्या ग्रंथालयात असताना मी सीसी बेल यांची ‘एल डेफो’ ही इंग्रजी चित्रकादंबरी मुलांना मराठीत वाचून दाखवत असे. लेखिकेला चौथ्या वर्षी मेंदूज्वरामुळे बहिरेपण आले, त्या बालपणाची ती गोष्ट आहे, आणि त्यातली सगळी माणसे लांब कानांचे ससे आहेत. एका ठिकाणी तिच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपत येते. तिथे समोरच्याच्या फुग्यातील अक्षरे फिकट होत जातात, आणि शेवटी फुगा कोराच राहतो. वाचताना मी त्या जागी आवाज हळूहळू उतरवला आणि थांबले. सहावीतली एक मुलगी पुस्तकावर ओणवी झाली, फिकट अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, “ताई, इथे छपाई पुसट झाली आहे.” मी काही बोलले नाही. तिने मागचे पान उलटून पाहिले, पुन्हा पुढचे पाहिले, आणि मग एकदम आपल्या कानावर हात ठेवला. नंतर ते पुस्तक तिने दोन आठवडे घरी नेले. तिचे इंग्रजी कच्चे होते. तरी कोरे फुगे तिला वाचता येत होते.

आपल्या मुलाकडे तिथल्या वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी चित्रकादंबऱ्या असतीलच. त्यांतली त्याला पाठ झालेली एक निवडा. चिकटवल्यावर पुन्हा सहज निघतील अशा पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या फुग्यांच्या मापाच्या कापा आणि त्यांवर त्याला मराठी संवाद लिहू द्या, दिवसाला एक पान. पहिल्या दिवशी तो ‘मी आता इथून निघून जात आहे’ असे लिहील आणि ते फुग्यात मावणार नाही. मग तो आपल्याला विचारेल की हे कमी शब्दांत कसे म्हणतात. आपण स्वयंपाकघरातून उत्तर द्याल, ‘चाललो मी’. ते मावेल. रविवारच्या वर्गात त्याला पुस्तकी रूपे भेटतात. ही बोली रूपे त्याला आपल्याकडूनच मिळायची आहेत. शुद्धलेखन तपासायला पहिले पुस्तक पुरे होईपर्यंत थांबा, आणि चिठ्ठ्या काढून टाकू नका. वाचनालयाचे पुस्तक असेल तर मात्र त्या पानांच्या छायाप्रती काढून घ्या आणि चिठ्ठ्या त्यांवरच चिकटवा.